अब्बा बोलून बसले ते

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ रिक्षा थांबली आणि मला लागोपाठ चार शिंका आल्या. रिक्षावाला मागं वळून म्हणाला, "हळदीचा सीझन हाय मावशी, नाकाला पदर लावा." मी लावला नाही. मार्चमधली ती पिवळी, कडसर, घशात उतरणारी धूळ माझ्या ओळखीची आहे. तिच्यातच मी वाढले. साताऱ्यात राहायला जाऊन पन्नासेक वर्षं झाली, तरी हळद आणि परीक्षा या दोन गोष्टी अजूनही माझ्या अंगावर एकदमच येतात. शेजारची पोरं पॅड आणि कंपास घेऊन पेपरला निघालेली दिसली की एक दुपार समोर येऊन उभी राहते. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आता सत्तरी ओलांडली. त्या दुपारचा धक्का ओसरेल म्हणून मी बरीच वर्षं वाट पाहिली. तो ओसरत नाही असं दिसतंय.

माझे अब्बा दस्तगीरभाई. यार्डात त्यांचं बारदानाचं दुकान होतं. फाटकी पोती घ्यायची, झटकायची, ठिगळं लावून शिवायची आणि हळदीच्या व्यापाऱ्यांना पुरवायची. सीझनमध्ये त्यांना मान वर करायला फुरसत नसे. सुतळीनं बोटं कापलेली असत आणि त्या चिरांत हळद बसलेली असे. जेवताना ते हात साबणानं दोन-दोनदा धुवायचे, तरी भाकरीवर पिवळे ठसे उमटायचे. पोतं कुजकं असेल तर "हे घेऊ नका" असं गिऱ्हाइकाला स्वतः सांगणारा माणूस. मशिदीच्या जमातीत त्यांचा शब्द मानला जायचा तो याच कारणानं.

घरात शिस्त कडक. रेडिओ नाही. गुणगुणणंसुद्धा नाही. एक जैन व्यापारी दर दिवाळीला त्यांना कॅलेंडर द्यायचा. अब्बा कात्री घेऊन त्यातलं चित्र कापून टाकायचे आणि खालच्या तारखा तेवढ्या खिळ्याला लावायचे. बाराव्या वर्षी मला बुरखा आला. मला यातलं काही जाचक वाटायचं असं म्हटलं तर ते खोटं होईल. विहिरीतल्या माशाला पाणी वेगळं कळत नसावं, तसं होतं ते. शिवाय हेच अब्बा यार्डातून येताना कुर्त्याच्या खिशातून माझ्यासाठी बोरं आणायचे. बोरांनाही हळदीचा वास.

अम्मा कुंडलची. नूरबी तिचं नाव. शेतकऱ्याच्या घरातली, रानात राबलेली, लिहिता-वाचता न येणारी. अब्बा घरात दखनी बोलायचे, ती मात्र तिच्या गावाकडचंच मराठी बोलायची. सातवीनंतर मला शाळेतून काढायचं ठरलं तेव्हा तिनं तीन दिवस अब्बांच्या मागे लागून मला मुलींच्या हायस्कुलात घातलं. शाळेच्या फाटकापर्यंत बुरखा, या अटीवर. तिथल्या मुख्याध्यापिका मगदूमबाई. पांढरं लुगडं नेसणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. अम्मा त्यांना एकदाच भेटली होती, आणि घरी येऊन म्हणाली होती, "ती बाई खुर्चीवर बसली हुती आन शिपाई हुबा हुता. जुबे, तू आसं बसायचं."

त्या वर्षी मी मॅट्रिकला होते. फॉर्मवर पालकांची सही हवी होती. अब्बा थांब म्हणत राहिले, मुदत संपत आली, आणि अम्मानं परस्पर शाळेत जाऊन अंगठा दिला. तिनं हे अब्बांना सांगितलं नाही. मीही नाही.

हॉल तिकीट मिळालं त्या दिवशी अब्बा दुपारी जेवायला घरी आले होते. सीझन ऐन भरात, उन्हानं पत्रा तडतडत होता. माझ्या वहीतून ते तिकीट खाली पडलं ते थेट जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाच्या कडेला. अब्बांनी डाव्या हातानं उचललं. त्यांना मराठी वाचता येत होतं. परीक्षेचं केंद्र मुलांच्या शाळेत होतं.

"हे कुणाला विचारून?"

अम्मा चुलीपाशी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मी अंगठा दिलाय."

"मला न विचारता?"

"तुमाला विचारलं आसतं तर तुमी न्हाई म्हणला आसता. मी बी आई हाय तिची."

अब्बा रागावले की दखनी सोडून मराठीवर यायचे. ते म्हणाले, "जमातीत मी लोकांना शिकवतो आणि माझ्या घरात माझ्या पाठीमागं हे चालतं?" अम्मा म्हणाली, "पाठीमागं न्हाई. तुमी पुढं बघतच न्हाई." वाक्य काही फार मोठं नव्हतं. अशी वाक्यं ती अधूनमधून बोलायची आणि अब्बा उठून जायचे. त्या दिवशी ते उठले, पण गेले नाहीत. उभ्या उभ्या त्यांनी तो शब्द उच्चारला. तलाक. मला वाटलं, रागाचा शब्द आहे. दुसऱ्यांदा उच्चारला तेव्हा मी अम्माकडे वळले. तिसऱ्यांदा तो बाहेर पडला आणि मी अब्बांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो शब्द दुसऱ्याच कुणीतरी उच्चारला आणि आपण ऐकला, असे ते दिसत होते. उजव्या हाताला कालवण लागलेलं तसंच होतं. ते हळूच खाली बसले.

आणि अम्मानं, वीस वर्षं त्यांच्यासमोर उघड्या तोंडानं वावरलेल्या माझ्या अम्मानं, पिठाच्या हातांनीच पदर ओढून चेहरा झाकला. अब्बांपासून. आता ते परके पुरुष होते.

आयुष्यात मी पुढं बरंच काही पाहिलं. सभेत दगड आले, एकदा कपाळ फुटलं. पण पदर ओढण्याच्या त्या हालचालीइतकं भयंकर मला दुसरं काही आठवत नाही. तव्यावरची भाकरी करपली. तिचा वास घरभर झाला तरी आमच्यातलं कुणी उठलं नाही.

भिंतीपलीकडं जैतून राहायची. तिच्याबद्दल आधी सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यानं तिला असंच सोडलं होतं. नंतर नवऱ्याला पस्तावा झाला. मिरजेच्या कुणा आलिमाचं, धर्माच्या जाणकाराचं, मत त्यानं आणलं, की एका बैठकीत तीनदा म्हटलेलं एकदाच धरावं. जमात बसली. अब्बांनी सांगितलं, आमच्याकडं तीन म्हणजे तीन. जैतून भावाच्या घरी आली ती कायमची. अब्बांशी ती तेव्हापासून बोलत नव्हती. त्या दुपारी तीच पहिली आमच्या दारात आली. ती खूश होईल असं मला वाटलं, इतकी मी लहान होते. तिनं तवा उतरवला, अम्माचे हात धुतले आणि दोन लुगडी गाठोड्यात बांधली. अम्मा हलत नव्हती. जैतून तिला म्हणाली, "ऊठ नूरबी. आता हितं बसलीस तर लोक तुलाच नावं ठेवतील."

अब्बा ओट्यावर बसले होते. शेजारचे दोघे-तिघे जमले. एक म्हातारे म्हणाले, "दस्तगीर, घरातल्याबिगर कोण न्हवतं. कुणी ऐकलं न्हाई समज. न्हाईतर मिरजंला जाऊ, तिथले आलिम मोकळीक देतात."

अब्बा म्हणाले, "जैतूनला एक न्याय आणि मला दुसरा?"

माझे अब्बा प्रामाणिक होते. मी हे पुन्हा पुन्हा लिहिते, कारण मला तेच झेपत नाही. ते दुष्ट असते तर मी केव्हाच मोकळी झाले असते. त्यांनी स्वतःसाठी सवलत घेतली नाही, आणि त्यांनी नाकारलेल्या सवलतीची किंमत अम्मानं मोजली. ती न्याय मागायला कुणाकडं गेली नव्हती. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

संध्याकाळच्या एसटीनं आम्ही कुंडलला गेलो. हुसेनमामू, अम्माचा धाकटा भाऊ, रानातच होता. बांधापलीकडं शेजाऱ्यांच्या काहिलीत हळद शिजत होती, ओली वाफ सगळ्या शिवारावर पसरली होती. बायका शिजलेली हळद वाळत घालत होत्या. अम्माला पाहून त्यांतली एक धावत आली. "आगं नूरे, अवचित कशी?" अम्मानं सांगितलं. ती बाई, पाटलाच्या घरातली, खाली बसली. तिची थोरली लेक चार वर्षं माहेरी होती. ती म्हणाली, "तुमच्यात शब्द तरी बोलत्यात गं. आमच्या जावयानं त्यो बी बोलला न्हाई. नुसती गाडीत बसवून धाडली." ते ऐकून त्या वेळी मला काही कळलं नाही. पुढं मी बायकांसाठी जे काही थोडंफार केलं, त्यात मी कधी एकाच धर्माच्या घराचं दार वाजवलं नाही, ते या बाईमुळं.

मी परीक्षा देणार नाही असं ठरवलं होतं. सगळं माझ्या त्या कागदामुळं झालं होतं. सकाळी अम्मा मामूला म्हणाली, "हिला मगदूमबाईंच्या घरी पोचव. तिथनं पेपर दिईल." मी म्हटलं, मला नाही द्यायचा. तेव्हा ती पहिल्यांदा माझ्यावर ओरडली.

"माझं घर गेलंय त्याच्यापायी. आता तू पेपर चुकवलास तर कशापायी गेलं म्हणू मी?"

मगदूमबाईंनी काही विचारलं नाही. कॉट दिली, कंदील दिला. मी एकेक पेपर देत गेले. काय लिहिलं ते आठवत नाही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाहेर आले तर रस्त्यापलीकडं अब्बा उभे. हातात पितळी डबा. दाढी वाढलेली. बुरखा फाटकातच काढून ठेवला होता, मी उघड्या तोंडानं त्यांच्यासमोर गेले. त्यांनी डबा दिला आणि ते यार्डाकडं निघून गेले. डब्यात त्यांनी स्वतः केलेल्या दोन भाकरी होत्या, एका बाजूनं काळ्या, दुसऱ्या बाजूनं कच्च्या, आणि लसणीची चटणी. ज्या परीक्षेवरून त्यांनी घर मोडलं, त्याच परीक्षेला ते डबा घेऊन आले होते. मी भिंतीशी बसून त्या भाकरी खाल्ल्या. रागानं खाल्ल्या. आजही मला सांगता येणार नाही, की त्या दिवशी मला त्यांची कीव आली की त्यांचा गळा धरावासा वाटला. दोन्ही असेल.

परीक्षा संपवून मी कुंडलला परतले. अम्माचे इद्दतीचे, म्हणजे दुसऱ्या निकाहाआधी थांबायचे, तीन महिने संपायच्या बेतात होते तेव्हा जमातीतले दोघे आले. मामूच्या सोप्यात बसले. अम्मा दाराआड, मी तिच्याशेजारी. त्यांनी शांतपणे, भल्याचं सांगावं तसं सांगितलं. तीनदा सोडलेल्या बाईला मधे दुसरा निकाह झाल्याशिवाय पहिल्या नवऱ्याकडं परत जाता येत नाही. मलकापूरला एक वयस्क विधुर आहेत, नेक माणूस. त्यांच्याशी निकाह लावायचा, दुसऱ्या दिवशी ते सोडतील, मग पुन्हा इद्दत संपली की दस्तगीरशी परत निकाह. घर पुन्हा उभं राहील. मामू मान खाली घालून ऐकत होता. मला नीट उमगलं नाही. अम्माचा हात माझ्या मनगटावर होता, तो इतका घट्ट झाला की मला उमगलं.

ती दाराआडूनच बोलली. आवाज चढला नव्हता.

"मी काय त्येंच्या दुकानातलं पोतं हाय? एकानं रिकामं करायचं, दुसऱ्यानं भरून बघायचं, आन मग पयल्यानं शिवून परत घ्यायचं?"

मग तिनं विचारलं, "त्येंनी धाडलंय का तुमाला?"

दोघे चहा न घेता उठले.

नंतर मी अब्बांना हे तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "मी पाठवलं नव्हतं." मग म्हणाले, "थांबवलंही नव्हतं." तेही खरंच सांगितलं.

मी पास झाले. मगदूमबाईंच्या ओळखीनं साताऱ्यात शिक्षिकेच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला, राहायला वसतिगृह मिळालं. कराड गेलं आणि एसटीत मी बुरखा काढून पिशवीत ठेवला. वाऱ्यानं केस उडाले. सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं, पण भीतीच वाटली. सगळी गाडी माझ्याकडं बघतेय असं वाटत होतं. कुणीही बघत नव्हतं. नमाज अशी एका प्रवासात सुटली नाही. ती आधी पाचाची तीन झाली, मग शुक्रवारची, मग रमजानची, आणि एक दिवस लक्षात आलं की हात उचलताना मी फक्त त्या दुपारचाच विचार करते. मग थांबले. लोक म्हणाले, दस्तगीरची पोरगी वाया गेली. अम्मा शेवटपर्यंत पाच वेळची नमाज पढत होती. तिनं मला कधी टोकलं नाही, मी तिला कधी टोकलं नाही. तिचा अल्ला आणि ती, त्यांच्यात तो शब्द कधी आला नसावा.

साताऱ्यात अम्मासारख्या आणखी काहीजणी भेटल्या. कुणी पोस्टकार्डावर तलाक आलेली, कुणी पाचव्या पोरीच्या बाळंतपणात. एका तोंडानं, एका दमात बाई घराबाहेर काढता येऊ नये, एवढंच आमचं मागणं. आम्ही अर्ज लिहिला, घरोघर जाऊन सह्या आणि अंगठे घेतले. मग एका हॉलमध्ये सभा ठरली. मी जैतूनची गोष्ट सांगणार होते, तिला विचारून. लिहून, पाठ करून गेले होते. उभी राहिले आणि तोंडातून निघालं, "माझ्या अम्मानं भाकरी थापता थापता तोंडावर पदर ओढला." पुढचं सगळं आपसूक आलं. मागच्या बाजूनं आरडाओरडा झाला, खिडकीची काच फुटली, एक खडा माझ्या कपाळाला लागला. मी रुमाल धरून बोलत राहिले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मला वाटलं, अम्मा खूश होईल. कुंडलला गेले तर ती चार हात लांब बसली. "आख्ख्या गावापुढं बापाचं नाव घेतलंस."

"नाव नाही घेतलं अम्मा. शब्दाबद्दल बोलले."

"शब्द कुणाच्या तोंडातला हुता?" ती म्हणाली. "ज्येचं दुखणं त्येला विचारावं आदी. मला इचारलंस?"

नव्हतं विचारलं. जैतूनला विचारलं होतं, अम्माला नाही. मी तिच्या बाजूनं उभी राहिले आणि मीही तिला विचारलं नव्हतं. हा दुसरा धक्का, आणि तो मीच दिलेला. मी तिची माफी मागितली. तिनं माझ्या कपाळावरची पट्टी सोडून हळद भरली. "फुडच्या बारीला सांग," ती म्हणाली, "पर नीट सांग. डबा घिऊन आलते, त्ये बी सांग."

सभेची बातमी सांगलीत पोचली. पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर जमातीनं अब्बांना उभं केलं. हे मला जैतूनच्या भावानं सांगितलं, तो तिथं होता. लोकांचं म्हणणं एवढंच होतं, की पोरगी खोटं बोलते, आमची बदनामी करते, तू इथं सगळ्यांपुढं तसं म्हण आणि तिच्याशी संबंध तोड. विषय मिटेल. अब्बा म्हणाले, "तिचं म्हणणं मला पटत नाही. पण पोरगी खोटं बोलली नाही. मी बोललो होतो."

कुणीतरी म्हणालं, मग तुझी जागा इथं नाही. अब्बांनी चपला घातल्या आणि ते यार्डात गेले. जमातीत त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही. दुकानावर येणं काहींनी बंद केलं. या वेळी त्यांच्या खरेपणाचा भार त्यांच्याच खांद्यावर पडला. तो असा एकदा, वेळेवर, त्या दुपारी पडला असता तर! हे वाक्य मी मनात हजारदा म्हटलं असेन.

त्यानंतर काही महिन्यांनी मी कुंडलला असताना अब्बा आले. लग्न मोडल्यावर पहिल्यांदाच. मामूनं त्यांना सोप्यात सतरंजी टाकून दिली. अम्मा आत, दाराआड. अब्बा अंगानं निम्मे झाले होते. ते माझ्याशी इकडचं तिकडचं बोलले. मग खाली बघत म्हणाले, "आतल्या बाईंना विचार, तब्येत कशी आहे."

बाईंना. तिला ते दखनीत "अगे सुन", अगं ऐक, म्हणून हाक मारायचे, वीस वर्षं. मी आत गेले. अम्मानं ऐकलं होतंच, तरी ती माझ्या तोंडून ऐकायची वाट बघत थांबली होती. मी सांगितलं. ती म्हणाली, "त्येंना म्हणावं, बरी हाय. त्येंनी जेवायची आबाळ करू नये." मी बाहेर आले, सांगितलं. अब्बांनी मान हलवली. "त्यांना म्हणावं, दस्तगीर चुकला होता." मी आत गेले. माझ्या तोंडून ते वाक्य निघेना. अम्मानं डोळे मिटले होते. मी कसंबसं सांगितलं. तिनं डोळे उघडले आणि ती म्हणाली, "चा घिऊन जावा म्हणावं."

सोपा ते माजघर, सहा पावलं होती. त्या दिवशी मी ती किती वेळा चालले, मोजलं नाही.